“एरवी ती कशी असते?” : बॉक्सिंग, ज्यूदो, कुस्ती खेळणाऱ्या मुलांची कन्कशन बेसलाइन (बडोदे)

दांडियाबाजारकर · रविवार, रात्री 9.52

नमस्कार मंडळी. लेक पंधरा वर्षांची आहे. दोन वर्षांपासून बॉक्सिंग खेळते.

तीन आठवड्यांपूर्वी स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, तिच्या कानशिलावर एक हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) बसला. ती पडली नाही, बेशुद्धही झाली नाही. दोन पावलं मागं सरकली आणि दोरीला टेकली. मी भिंतीशी बाकावर बसून बघत होतो. प्रशिक्षक म्हणाले, “कशुं नथी थयुं, चाल, हाथ ऊपर.” (काही झालं नाही, चल, हात वर.) तिनं हात वर घेतले आणि आणखी दीड राउंड खेळली. मीही गप्प बसलो. त्या दीड राउंडचं ओझं अजून मनावर आहे.

घरी येताना स्कूटरवर तिनं विचारलं, “बाबा, आई आली असेल का घरी?” आली असेल म्हटलं. न्यायमंदिरापाशी पुन्हा तोच प्रश्न. सुरसागरला वळसा घालताना तिसऱ्यांदा. तेव्हा गाडी कडेला घेतली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, पण नजर माझ्या मागं कुठंतरी होती.

तसेच दवाखान्यात गेलो. सीटी स्कॅन स्वच्छ आला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तिला डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला लावले. ऑगस्टपाशी ती अडकली, मग एकदम मे म्हणाली. डोळे मिटून एका पायावर उभं केलं तर तोल जात होता. मग डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, “एरवी ती कशी असते? एरवी हे महिने सहज म्हणते का? एका पायावर एरवी किती स्थिर असते?”

मला उत्तर देता आलं नाही. लेकीची उंची, वजन, रक्तगट, दहावीच्या चाचणीतले गणिताचे गुण, सगळं तोंडपाठ आहे. एरवी ती एका पायावर किती वेळ उभी राहते हे मात्र मी कधी पाहिलेलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हे कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूचं कामकाज बिघडणं. त्यांनीच सांगितलं की मोसम सुरू होण्याआधी, मूल ठणठणीत असताना, ही सगळी मोजमापं करून ठेवायची पद्धत आहे. तिला बेसलाइन म्हणतात. आमच्या हॉलमध्ये वीस-बावीस मुलं आहेत, एकाचीही अशी नोंद नाही. बडोद्यात कुणी हे करून घेतलंय का? कोण करतं? ताईमाई, काका, डॉक्टर मंडळी, जे माहीत असेल ते सांगा. आणि लेकीची आत्ता करून घेऊ का?

---

कारेलीबागची आई · रविवार, रात्री 10.10

आधी सांगा, आता कशी आहे ती?

---

दांडियाबाजारकर · रविवार, रात्री 10.14

पुष्कळ बरी आहे, ताई. प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं त्याच रात्री थांबलं. डोकेदुखी दहा-बारा दिवस होती. अजून अर्ध्या तासापेक्षा जास्त वाचलं की डोकं जड होतं म्हणते. हॉल बंद आहे.

---

फिजिओ_मांजलपूर · रविवार, रात्री 11.31

दांडियाबाजारकर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: आत्ता करू नका. वाचताना डोकं जड होतंय म्हणजे ती अजून पूर्ण सावरलेली नाही. आज मोजलं तर दुखावलेल्या मेंदूचे आकडे “एरवीचे” म्हणून वहीत जातील, आणि पुढच्या वेळी त्यांच्याशी तुलना केली की सगळं ठीकच दिसेल. डॉक्टरांनी पूर्ण मोकळं केल्यावर, नेहमीचा सराव सुरू झाल्यावर करा. तोवर बाकीच्या वीस मुलांची करून घेऊ.

आता चाचणीत काय असतं ते. सध्या जगभर वापरतात ते साधन म्हणजे स्कॅट-6. ऑक्टोबर 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर सहावी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिच्यातून 2023 साली ते बाहेर आलं. 13 वर्षं आणि पुढच्यांसाठी स्कॅट-6, आणि 8 ते 12 साठी चाइल्ड स्कॅट-6. कागद मोफत मिळतो. पण घ्यायची मात्र प्रशिक्षित वैद्यकीय माणसानं, म्हणजे डॉक्टर किंवा फिजिओनं. आईवडिलांनी छापून घरी घ्यायची ही चाचणी नाही.

सुरुवातीला 22 लक्षणांची यादी. डोकेदुखी, गरगरणं, उजेड सहन न होणं, चिडचिड, झोप न लागणं अशी. प्रत्येकाला मुलानं स्वतः 0 ते 6 गुण द्यायचे. ठणठणीत मुलाचे सगळे शून्य येतील असं समजू नका. परीक्षेच्या दिवसांतली मुलगी “थकवा 3, झोप 2” लिहिते आणि ते खरंच असतं. तिची एरवीची पातळी तीच, आणि ती माहीत असणं फार मोलाचं.

मग स्मरणशक्ती. 10 शब्द वाचून दाखवायचे, आठवतील तेवढे लगेच म्हणून घ्यायचे. तेच शब्द तीन वेळा, म्हणजे 30 पैकी गुण. तीन आकड्यांपासून सहा आकड्यांपर्यंतच्या ओळी उलट्या म्हणायच्या. वर्षाचे महिने उलटे, घड्याळ लावून. पुढं तोल: डोळे मिटून, हात कमरेवर, आधी दोन्ही पाय जुळवून, मग एका पायावर, मग एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून. प्रत्येकी 20 सेकंद, आणि किती वेळा हात सुटला, डोळे उघडले, पाय टेकला ते मोजायचं. 3 मीटरच्या पट्टीवर टाचेला अंगठा लावत जायचं, वळायचं, परत यायचं, त्याचा वेळ घ्यायचा. आणि शेवटी, निदान पाच मिनिटं उलटल्यावर, ते 10 शब्द पुन्हा विचारायचे. मार बसलेली मुलं जिथं घसरतात असं मी पुष्कळदा पाहिलंय ती जागा हीच. लगेच विचारलं तर आठ शब्द आठवतात, पाच मिनिटांनी दोन.

एकूण 10-15 मिनिटं तरी लागतात, आणि घाई केली तर कागद वाया जातो.

संगणकावरच्या चाचण्याही आहेत. इम्पॅक्ट ही त्यातली सर्वांत माहितीची. ती प्रतिक्रियेचा वेळ फार बारीक मोजते, पण पैसे लागतात. आपल्या हॉलच्या मुलांसाठी कागद, घड्याळ आणि चिकटपट्टी पुरे आहे.

---

लाल_माती · सोमवार, सकाळी 6.05

मी जुना पैलवान. वय 71. वाचून रात्री झोप लागली नाही.

आमच्या वेळी याला “मुका मार” म्हणत. जखम नाही, रक्त नाही, सूज नाही, पण आत मार आहे. पाठीला, बरगडीला मुका मार बसला की वस्ताद हळद-तुरटीचा लेप लावायचे, चार दिवस मातीत उतरू द्यायचे नाहीत. बडोदं तर हाडं बसवणाऱ्यांचं गाव. प्रा. माणिकरावांच्या हाताची ख्याती सगळ्या हिंदुस्थानात होती, जुम्मादादा व्यायाम मंदिरात लोक लांबलांबून हाड बसवून घ्यायला यायचे. मनगट, खांदा, गुडघा, सगळ्याची काळजी घेतली जायची. डोक्याचा मुका मार मात्र कुणी धरलाच नाही. डोळ्यांपुढं काजवे चमकले की कांदा हुंगवायचा, तोंडावर पाणी मारायचं आणि पुन्हा हात घालायचा.

याच गावात खंडेराव महाराजांच्या काळी (1856–1870) नखीची कुस्ती होत असे. मुठीत शिंगाची नखी बांधून पैलवान एकमेकांच्या डोक्या-तोंडावर वार करत. रुसेले नावाच्या फ्रेंच प्रवाशानं ती इथं पाहून लिहून ठेवली आहे. रक्ताचं वर्णन सगळे करतात. त्या पैलवानांचं पुढं चाळिशी-पन्नाशीत काय झालं, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

माझा एक जोडीदार होता. ढाक हा डाव घालताना दोनदा डोक्यावर आपटला, एकाच महिन्यात. पुढं त्याचा स्वभाव पार बदलला. शांत माणूस होता, भांडकुदळ झाला. आम्ही त्याला दोष दिला. आज वाटतं, दोष त्याचा नव्हता.

दांडियाबाजारकर, तुमची चाचणी आमच्या आखाड्यातही घ्या. जागा मी देतो.

---

रात्रपाळी · सोमवार, पहाटेची ड्युटी संपवून सकाळी 9.20

आपत्कालीन विभागात काम करतो. दोन-तीन गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात म्हणून लिहितोय.

सीटी स्वच्छ आला म्हणजे कन्कशन नाही, असा अर्थ होत नाही. सीटी रक्तस्राव आणि कवटीचं हाड पाहतो. कन्कशनमध्ये मेंदूच्या पेशींचं कामकाज बिघडतं. क्षार आत-बाहेर होतात, ते सावरायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी पुरवठा अपुरा पडतो. हे फोटोत दिसत नाही. बेशुद्ध न होताही कन्कशन होतं, किंबहुना बहुतेक वेळा शुद्ध जातच नाही. “पडली नाही, म्हणजे काही नाही” हा समज सर्वांत जास्त घात करतो.

पालकांनी पाठ करून ठेवायचं ते हे: वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, मानेत दुखणं, दोन-दोन दिसणं, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, झटका, गुंगी वाढत जाणं, विनाकारण अंगावर धावून येणं. यातलं एकही दिसलं तर बेसलाइन वगैरे विसरा. 108 लावा. मान हलवू नका.

आणि बेसलाइनबद्दल मनापासून एक सांगतो. ती असलीच पाहिजे असं नाही. ॲमस्टरडॅमच्या परिषदेचंही मत हेच, की उपयोग होऊ शकतो पण ती नाही म्हणून निदान अडत नाही. मी रोज बेसलाइनशिवायच निदान करतो. माझी भीती वेगळी आहे. उद्या एखादा प्रशिक्षक म्हणेल, “आकडे बेसलाइनला पोचले, उतर रिंगमध्ये.” असं करता येत नाही. आकडे जुळले तरी डोकं दुखत असेल तर मूल बाहेर. आकडे जुळले, डोकंही दुखत नाही, तरी परतीच्या पायऱ्या चुकत नाहीत: पहिले 24 ते 48 तास बेताची विश्रांती, मग चालणं, हलकी सायकल, मग पावलांचा सराव, मग पिशवीवर ठोसे, आणि प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. समोरच्या माणसाचा ठोसा सर्वांत शेवटी, डॉक्टरांच्या परवानगीनंतर. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवायचा जुना सल्ला आता कुणी देत नाही, पहिल्या दोन दिवसांत मोबाइल मात्र कमी करा.

---

फिजिओ_मांजलपूर · सोमवार, सकाळी 10.02

रात्रपाळी, तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत. तरी एक म्हणते. तुम्ही अनुभवी आहात, तुमच्यासमोर मूल आलं तर तुम्ही ओळखाल. पण आपल्या हॉलमध्ये त्या क्षणी तुम्ही नसता. बेसलाइनचा दिवस हा पालक, मुलं आणि प्रशिक्षक एकत्र बसून ही 22 लक्षणं एकदा मोठ्यानं वाचण्याचा दिवस असतो. माझ्या अनुभवात त्याचा फायदा आकड्यांपेक्षाही जास्त.

---

मोतीबाग_पॅव्हेलियन · सोमवार, दुपारी 1.15

क्रिकेटवाला आहे, पण राहवत नाही. 1976 साली किंग्स्टनला आपल्या अंशुमान गायकवाडांच्या कानावर वेस्ट इंडिजच्या होल्डिंगचा चेंडू बसला. हेल्मेट नव्हतंच. 81 वर जखमी होऊन परतले, कानाचा पडदा फाटला होता, पुढं शस्त्रक्रिया झाली. बडोद्यात ती 81 धावांची गोष्ट ऐकतच आम्ही मोठे झालो आणि त्यांच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी होणार नाही. पण त्याच खेळानं 1 ऑगस्ट 2019 पासून कन्कशन झालेल्याच्या जागी बदली खेळाडू द्यायचा नियम केला. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेरात जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला आणि त्याच्या जागी चहल उतरला. जडेजाला कुणी भित्रा म्हणालं का? प्रशिक्षकांना हे उदाहरण सांगा, पटकन कळेल.

---

तांबडा_कोपरा · सोमवार, संध्याकाळी 5.40

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बॉक्सिंगमध्ये डोक्यावर ठोसा लागणारच. एवढी भीती असेल तर पोहायला घाला. आणि हेडगार्ड असतं की.

---

दांडियाबाजारकर · सोमवार, संध्याकाळी 7.30

राग नाही. खेळ सोडवायचा असता तर धागा काढलाच नसता. तिला खेळायचं आहे आणि मला तिला खेळू द्यायचं आहे. पुढच्या वर्षीही, आणि चाळिशीत तिला माझं नाव नीट आठवेल अशा तऱ्हेनं.

---

रात्रपाळी · सोमवार, संध्याकाळी 7.48

हेडगार्डनं भुवई फुटत नाही, कान वाचतो. मेंदू कवटीच्या आत हलतो तो हलतोच, कारण ठोशानं डोकं झटक्यात फिरतं आणि हेडगार्ड ते फिरणं थांबवत नाही. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग महासंघानं 2013 साली वरच्या गटातल्या पुरुषांचं हेडगार्ड काढलं, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते त्याशिवायच खेळले. मुलांना ते हवंच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आणि हा धोका नवा नाही. मार्टलंड नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं मुष्टियोद्ध्यांच्या या आजारावर 1928 मध्ये लेख लिहिला होता. जवळजवळ शंभर वर्षं झाली.

---

डावखुरा · सोमवार, रात्री 11.58

मी 22 वर्षांचा, किकबॉक्सिंग आणि एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) खेळतो. इथं सगळे पालक आणि डॉक्टर बोलतायत, म्हणून खेळणाऱ्याच्या बाजूनं लिहितो.

एका ठिकाणी आमची बेसलाइन झाली होती. आदल्या दिवशी मोठ्या मुलांनी सांगितलं, “मुद्दाम थोडे शब्द चुकव. म्हणजे पुढं मार बसला तरी आकडे जुळतील आणि बाहेर बसवणार नाहीत.” मी चुकवले. दहातले चारच सांगितले. पुढच्या वर्षी लढतीत डोक्यावर लाथ बसली, दुसऱ्या दिवशी चाचणीत पाच आठवले. “मूळ नोंदीपेक्षा बरा आहेस,” असं ऐकलं आणि चौथ्या दिवशी सरावाला उतरलो. त्यानंतर दोन महिने उजेडात डोळे उघडवत नव्हते, कॉलेजची एक परीक्षा गेली. फसवलं मी स्वतःलाच. ज्या कुणा लहान भावाबहिणीला असा सल्ला मिळेल, त्यांनी हे वाचावं.

दुसरं, वजन. लढतीच्या आधी वजन उतरवायला आम्ही पाणी तोडतो. त्या दिवसांत बेसलाइन अजिबात नको. पाणी तोडलेल्याचं डोकं तसंही दुखतं, गरगरतं, लक्ष लागत नाही. सरावानंतर लगेचही नको, घाम निथळत असताना कुठला तोल सांभाळतोय.

तिसरं. ऑलिंपिक पद्धतीच्या बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या ठोशांनी नॉकआउट झालं किंवा पंचांनी लढत थांबवली तर किमान 30 दिवस लढत नाही आणि स्पॅरिंगही नाही. बेशुद्ध झाला तर आणखी लांब. पण हे स्पर्धेत झालं तर. हॉलमधल्या स्पॅरिंगमध्ये बुधवारी संध्याकाळी बसलेला हुक कुणाच्याच पुस्तकात चढत नाही, आणि सगळ्यात जास्त मार आम्ही तिथंच खातो.

---

कारेलीबागची आई · मंगळवार, सकाळी 8.12

डावखुरा, बाळा, खरं लिहिलंस. माझा मुलगा ज्यूदो खेळतो, त्याला आत्ताच वाचायला दिलं. दोनदा वाचलं त्यानं.

---

मास्तरीणबाई_रावपुरा · मंगळवार, दुपारी 3.35

मी भाषेची शिक्षिका, आता निवृत्त. वैद्यकातलं मला कळत नाही, पण धागा वाचताना एक गोष्ट खटकत राहिली: ही चाचणी कुठल्या भाषेत घेणार?

फिजिओताईंनी मला तो कागद पाठवला. इंग्रजी यादीतले शब्द आहेत जॅकेट, ॲरो, पेपर म्हणजे मिरी, कॉटन… आणि पुढं सॅडल, अँकर. वाडी भागातल्या गुजराती माध्यमाच्या मुलाला सॅडल म्हणजे खोगीर हे कुठून ठाऊक असणार? शब्दच अनोळखी असेल तर तो विसरला की त्याला कधी माहीतच नव्हता, हे कसं कळायचं?

आपल्या मुलांचं भाषेचं घर तीन खोल्यांचं आहे. स्वयंपाकघरात मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी, मैदानावर गुजराती-हिंदी. माझ्या नातवाला प्रयोग म्हणून आकडे उलटे म्हणायला लावले. गुजरातीत पाच आकडे सहज म्हटले, मराठीत चारावर अडला, कारण पाढे तो गुजरातीत शिकला. महिन्यांचंही तसंच. चैत्र-वैशाख आजीच्या तोंडी असतात, त्याला डिसेंबर-नोव्हेंबरच येतात. पण “गोष्ट सांग” म्हटलं की मराठीतच सांगतो. म्हणजे एका मुलाची आकड्यांची भाषा एक आणि शब्दांची दुसरी असू शकते. आधी मुलाला विचारावं, मग कागदावर ठळक लिहून ठेवावं: आकडे गुजरातीत घेतले, शब्द मराठीत. मार बसल्यावर त्याच भाषेत विचारायचं, नाहीतर तुलना कशाची कशाशी?

लक्षणांच्या यादीचं तर विचारूच नका. इंग्रजीत “धुक्यात असल्यासारखं वाटणं” असं एक लक्षण आहे. बडोद्याच्या मुलानं धुकं किती पाहिलंय? मी शेजारच्या पाच मुलांना विचारलं, जागरणानंतर सकाळी डोकं कसं होतं. एक म्हणाला “बधिर”. एक म्हणाली “सगळं लांबून ऐकू येतं”. एक म्हणाला “डोक्यात कापूस भरल्यासारखं”. हे शब्द त्यांचे आहेत. विचारताना मूळ वाक्य वाचाच, पण सोबत हेही सांगा, मुलाला पटकन समजेल. “काहीतरी बरोबर वाटत नाहीये” यासाठी मी “नेहमीसारखं वाटत नाही” असं लिहिलंय.

मराठी शब्दांच्या तीन याद्या करून दिल्या आहेत, प्रत्येकी दहा शब्द. दोन-तीन अक्षरी, रोजच्या वापरातले, एकमेकांशी संबंध नसलेले. लिंबू आणि मीठ एका यादीत घेतलं नाही, एक आठवलं की दुसरं आपोआप येतं.

---

फिजिओ_मांजलपूर · मंगळवार, संध्याकाळी 6.20

बाई, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू! चाचणी शक्यतो मुलाच्या पहिल्या भाषेत घ्यावी असंच मानतात, पण असं बसून काम कुणी करत नाही. एक ध्यानात ठेवू: शब्द आपले असल्यामुळं छापील सरासऱ्यांशी हे गुण ताडून पाहायचे नाहीत. मुलाची तुलना फक्त त्याच्या स्वतःशी. आणि तीन याद्या हव्याच होत्या. मार बसल्यावर जुनीच यादी दिली तर पाठ असलेले शब्द मुलगा सांगून मोकळा होईल.

अजून थोडं. एका वेळी एकच मूल, शांत खोली. आदल्या रात्रीची झोप झालेली. चष्मा असेल तर चष्मा. अनवाणी की बूट घालून ते लिहायचं. पूर्वी कधी डोक्याला मार, अर्धशिशी, अभ्यासातली काही अडचण, हे पालकांनी न लपवता सांगायचं. वाढत्या वयात दरवर्षी नवी नोंद, कारण तेराव्या वर्षीचा मेंदू चौदाव्या वर्षी तसाच राहत नाही. आणि नवरात्रात मुळीच नको. नऊ रात्री दीडपर्यंत गरबा खेळलेल्या मुलाचा एका पायावरचा तोल ही त्याची एरवीची अवस्था नव्हे.

---

तांबडा_कोपरा · मंगळवार, रात्री 9.05

डावखुराची पोस्ट वाचली. माझा पुतण्या खेळतो. जागा आणि वेळ कळवा, घेऊन येतो.

---

दांडियाबाजारकर · पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी 2.40

मंडळी, आज झालं.

लाल माती काकांच्या आखाड्याशेजारच्या खोलीत सकाळी साडेसातला सुरुवात केली. फिजिओताई आणि त्यांची एक सहकारी अशा दोघींनी चाचण्या घेतल्या. रात्रपाळी डॉक्टर ड्युटी संपवून आले आणि तासभर पालकांशी बोलले. काकांनी शहाबादी फरशीवर 3 मीटरची पट्टी स्वतः आखली, दोनदा मोजून. आमच्या हॉलची नऊ, ज्यूदोची तीन आणि आखाड्यातली दोन अशी चौदा मुलं झाली. सात राहिली.

प्रशिक्षकांना बोलवायला मी घरी गेलो होतो. वाटलं होतं, वाद होईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी खेळायचो तेव्हा मलाही असंच उठवायचे. आज ते पहिल्यापासून शेवटपर्यंत थांबले. 22 लक्षणं मोठ्यानं वाचली तेव्हा तिसऱ्या-चौथ्या लक्षणापासून त्यांनी खाली मान घातली होती. नंतर भिंतीवर एक कागद लावला, गुजरातीत: डोक्याला मार बसला आणि शंका आली की त्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये नाही, मग मूल काहीही म्हणो.

काही गोष्टी आधी सुचल्या नव्हत्या. एका मुलाला एका पायावर उभंच राहता येईना. विचारल्यावर कळलं, गुडघा दोन महिने दुखतोय आणि कुणाला सांगितलं नाही. त्याची तोलाची नोंद तशीच खूण करून ठेवली, गुडघा बरा झाला की पुन्हा घेऊ. एका मुलीनं झोपेला 5 गुण दिले. ताईंनी बाजूला घेऊन विचारलं तर घरी आजी आजारी, रात्री तीच उठते. तांबडा कोपरा यांचा पुतण्या दहाच्या दहा शब्द तिन्ही वेळा म्हणाला, मास्तरीणबाईंनी त्याची पाठ थोपटली. चार मुलांनी शब्द मराठीत, आकडे गुजरातीत मागितले. बाईंचा अंदाज बरोबर निघाला.

कागदाच्या दोन प्रती केल्या, एक पालकांकडे, एक फिजिओताईंच्या कपाटात. हॉलमध्ये ठेवायची नाही असं ठरलं. मुलाच्या तब्येतीची गोष्ट आहे, निवडीच्या वेळी कुणी तो कागद बाहेर काढू नये.

लेक अजून पूर्ण मोकळी झालेली नाही. पिशवीपर्यंत पोचली आहे, डोकं दुखत नाही, तासभर सलग वाचते. डॉक्टर दोन आठवड्यांनी पुन्हा पाहणार. आज तिनं दाराबाहेर बसून मुलांची नावं लिहून घेतली. आतले शब्द कानावर पडू नयेत म्हणून ती पार पायरीपर्यंत सरकून बसली होती. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, “बाबा, तिसऱ्या यादीला कुणालाच हात लावू देऊ नका. ती माझी.”

---

फिजिओ_मांजलपूर · रविवार, दुपारी 3.05

तिसरी यादी माझ्या पर्समध्ये, बंद पाकिटात आहे, सांगा तिला. पुढच्या रविवारी उरलेले सात. साडेसातलाच, ऊन चढायच्या आत. काका, पट्टी पुसू नका.

---

लाल_माती · रविवार, संध्याकाळी 5.50

पट्टीवर खुर्च्या ठेवल्या आहेत. कुणी पाय देणार नाही.